अक्कांच्या घरातली सेमीफायनल

ग्रॅहम गूचनं वानखेडेवर मणिंदरसिंगला आणि रवी शास्त्रीला स्वीप मारमारून हैराण केलं, त्या दिवशी सोलापुरात अक्कांच्या घरातलं पिण्याचं पाणी इंग्लंडची बॅटिंग संपायच्या आत संपलं. ५ नोव्हेंबर १९८७, गुरुवार. रिलायन्स कपची, म्हणजे त्या वर्षीच्या क्रिकेट वर्ल्ड कपची सेमीफायनल. गूचच्या ११५ धावा क्रिकेटच्या पुस्तकांत आहेत. अक्कांचं पाणी कुठंच नाही. ते कुणीतरी लिहून ठेवावं, असं बरीच वर्षं वाटत होतं.

आम्ही पूर्व भागात राहायचो, कन्ना चौकाच्या मागच्या एका गल्लीत. पूर्व भाग म्हणजे कापड विणणाऱ्या मागांचा भाग. जाग यायची ती मागांच्या खटखटाटानं आणि झोप लागायची तीही त्याच आवाजात. रात्री लाइट जाऊन माग बंद पडले की लहान पोरं दचकून उठायची. पुरुष मागावर नाहीतर मिलमध्ये, बायका विडीला. गल्लीत तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची घरं जास्त, मधे मधे कन्नड बोलणारी घरं, काही आमच्यासारखी मराठी, आणि टोकाला उर्दू शाळेतल्या एका मास्तरांचं घर. पोरं भांडायला लागली की एका वाक्यात तीन भाषा यायच्या. माझे वडील नरसिंग गिरजी मिलमध्ये होते, आई विडी वळायची आणि मी शाळेत होते, पण विडी कंपनीच्या ब्रँचला माल द्यायची घाई असली की मीही दोरा गुंडाळायला बसायचे.

अक्का आणि अण्णा समोर राहायचे. घराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचा टॉवेलचा कारखाना, पुढं दोन खोल्या आणि ओसरी. गल्लीत टीव्ही त्यांच्याकडंच. दिल्लीच्या १९८२च्या एशियाडनंतर दूरदर्शन गावोगाव पोचायला लागलं, पुढच्या काही वर्षांत टॉवर उभे राहिले. पण टॉवर उभा राहिला म्हणून विडी वळणाऱ्या घरात काही सेट येत नाही. अण्णांचा सेट लाकडी पेटीतला, ब्लॅक अँड व्हाइट, दोन्ही बाजूंनी सरकणाऱ्या शटरचा. शटरला बारकं कुलूप. पडद्यापुढं निळी काच लावलेली, त्यामुळं माणसं निळसर दिसायची. पेटीवर अक्कांनी स्वतः विणलेलं क्रोशाचं झाकण. पत्र्यावर बांबूला अँटेना बांधलेली, आणि वारा सुटला की कुणीतरी वर चढून "आलं का? आत्ता आलं का?" असं ओरडत ती फिरवायचं. खालून तीन भाषांत उत्तरं जायची.

त्याआधीचं क्रिकेट आमच्या गल्लीत कानांनीच पाहिलेलं. वडिलांच्या पिढीनं बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन रेडिओवर ऐकलेलं होतं आणि त्यांच्या बोलण्यात ते शब्द तसेच उतरलेले होते. 'त्रिफळा उडाला' हे वडील अशा काही आवाजात म्हणायचे की स्टंप समोर पडल्याचा भास व्हायचा. त्यांना आणखी एका गोष्टीचा फार अभिमान. पॉली उम्रीगर सोलापूरचे. म्हणजे १९२६ साली जन्म इथला, नंतर ते मुंबईला गेले. पण कसोटीत भारताकडून पहिलं द्विशतक झळकवणारा माणूस, १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ करणारा माणूस, आपल्या गावात जन्मला, हे वडील मिलमधल्या प्रत्येक नव्या पोराला सांगायचे. आम्हां बहिणींनाही तितक्याच गंभीरपणे सांगायचे. मुलींना क्रिकेटमधलं काय सांगायचं, असा विचार त्यांच्या मनात कधी आलेला मी पाहिला नाही.

तो वर्ल्ड कप इंग्लंडबाहेर होणारा पहिला वर्ल्ड कप. साठऐवजी पन्नास षटकांचाही पहिलाच. मद्रासला ऑस्ट्रेलियाकडून आपण एका धावेनं हरलो. त्यांच्या एका चौकाराचा मधल्या वेळेत षटकार करून दिला गेला आणि कपिलनं ते मान्य केलं, यावर गल्लीत आठवडाभर वाद चालला. मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं की कपिलनं केलं ते बरोबर केलं. मग लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिल्लीत त्याच ऑस्ट्रेलियाला हरवलं, तेव्हा फटाके दिवाळीचे का जिंकल्याचे, ते फोडणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

आणि ३१ ऑक्टोबरला नागपूर. गटात पहिलं यायचं तर न्यूझीलंडच्या २२१ धावा ४२ षटकांच्या आसपास गाठायच्या होत्या. पहिला आलो तर सेमीफायनल मुंबईत, नाहीतर लाहोरला. त्याच सामन्यात चेतन शर्मानं हॅटट्रिक घेतली, तिघांचेही त्रिफळे, वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक. एरवी त्या एकाच गोष्टीवर दिवस निघाला असता. पण गावसकर अंगात ताप घेऊन उतरला आणि ८८ चेंडूंत नाबाद १०३. एकदिवसीय सामन्यातलं त्याचं एकमेव शतक. तेहतिसाव्या षटकातच सामना संपला. १९७५च्या वर्ल्ड कपमध्ये साठ षटकं खेळून नाबाद ३६ करणारा हाच माणूस, हे वडिलांना चांगलंच आठवत होतं. त्या दिवशी ते काही न बोलता ओसरीवरून उठले, चौकात गेले आणि सगळ्यांसाठी बत्तासे घेऊन आले.

म्हणून गुरुवारच्या सेमीफायनलला अक्कांच्या घरी गर्दी होणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती. आदल्या दिवशी लाहोरला ऑस्ट्रेलियानं पाकिस्तानला हरवलं होतं. आता आपण इंग्लंडला हरवायचं, रविवारी कलकत्त्यात फायनल जिंकायची, एवढंच बाकी आहे अशा हिशेबानं माणसं आली होती. दिवाळीची सुट्टी, त्यामुळं पोरं मोकळी. टॉस व्हायच्या आधीच पुढची खोली भरली. पुढं जमिनीवर पोरं, त्यांच्या मागं मांडी घालून मोठे, खुर्चीवर अण्णा आणि उर्दू शाळेतले मास्तर, खिडकीच्या गजांना धरून बाहेरची माणसं. चपलांचा ढीग ओसरीवरून गल्लीत उतरलेला. बायकांना आत जागा नव्हती. ठेवलेलीच नव्हती, म्हणायचं. मी मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होते, कारण अक्कांनी सकाळीच आईला सांगितलं होतं, "पोरीला पाठव की जरा. एकटीनं हुणार न्हाई आज."

तिथून पडदा अर्धाच दिसायचा. गोलंदाज धावत यायचा तो दिसायचा आणि बॅट्समन कुणाच्या तरी डोक्याआड असायचा. पण अक्का दिवसभर काय करत होत्या, ते मला पूर्ण दिसलं.

त्या दिवशी कार्तिकी पौर्णिमा होती. आपल्याकडं त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दिवे लावतात, त्रिपुरवात जाळतात. तेलुगू घरांत बायका दिवसभर उपास धरतात आणि संध्याकाळी ३६५ पदरांची वात लावतात, वर्षाच्या प्रत्येक दिवसाचा एक पदर. अक्कांचा असा उपास होता. पाणीसुद्धा दिवा लावल्यावरच. आणि त्या उपाशी बाईच्या घरात पन्नासेक माणसं बसलेली, त्यांतल्या निम्म्यांना दर दहा मिनिटांनी तहान लागत होती.

सोलापुरात राहिलेल्याला पाणी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्या साली तर देशभर दुष्काळ होता. आमच्या गल्लीत नळ एकाआड एक दिवस यायचा, तोही पहाटे, आणि धार अशी की घागर भरेपर्यंत बाई तिथंच बसून डुलकी काढायची. गुरुवार पाण्याचा दिवस नव्हता. घरात होतं ते बुधवारचं, एक रांजण आणि दोन घागरी. मी तांब्या भरून न्यायचे, तो हातोहात पुढं जायचा आणि रिकामा होऊन परत यायचा. अक्का रांजणात डोकावून बघायच्या, काही बोलायच्या नाहीत, पुन्हा तांब्या बुडवून द्यायच्या. गूच पन्नाशीला आला तेव्हा रांजणाचा तळ दिसत होता. गॅटिंगबरोबर त्याची शतकी भागीदारी झाली, तेव्हा पहिली घागर संपली होती. बाहेर कुणीतरी म्हणालं, "मणिंदरला काढा की वो, त्यो स्वीपच मारतंय." आत अक्का म्हणाल्या, "आता तुझ्या घरची एक घागर आण." मी आणली. आईनं दिली. नंतर शेजारून एक आली, मास्तरांच्या घरून एक आली. इंग्लंडच्या ६ बाद २५४ झाल्या आणि मधली सुट्टी झाली, तोवर आमच्या बाजूच्या सगळ्या घरांचं पाणी त्या खोलीत पिऊन झालं होतं.

लोक हल्ली लिहितात की तेव्हा माणुसकी होती, ज्याच्या घरी टीव्ही त्याचं दार सगळ्यांना उघडं. मी हे वाचते आणि मला ते रांजण आठवतं. दार उघडं होतं, खरंच होतं, आणि त्याबद्दल अक्का-अण्णांचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण ती माणुसकी हवेत नव्हती. ती एका बाईच्या कमरेत आणि मनगटांत होती. पायांची धूळ, सांडलेला चहा, पोरानं उंबऱ्यावर केलेली शू, मधेच कुणाला तरी आलेली चक्कर आणि त्याला दिलेला गुळाचा खडा, हे सगळं तिनं निस्तरलं म्हणून बाकीच्यांना सामना दिसला. त्या खोलीत बसलेल्या माणसांपैकी कुणाला आज विचारलं, तर कपिल कसा आऊट झाला ते बरोबर सांगेल. अक्का त्या दिवशी उपाशी होत्या, हे तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं.

मागांचाही त्या दिवशी प्रश्न झाला. माग चालू असले की पडद्यावर आडव्या रेघा यायच्या आणि व्होल्टेज पडलं की चित्र दोन्ही बाजूंनी आक्रसायचं. सकाळी लोकांनी रेघांतूनच पाहिलं. पण आपली बॅटिंग सुरू व्हायच्या वेळी खोलीतून मागणी झाली, माग बंद करा. अण्णा सरळ हो म्हणाले नाहीत, आणि ते मला फार आवडलं. माग बंद म्हणजे नगावर पैसे घेणाऱ्या कामगाराची मजुरी बंद. ते मागं शेडमध्ये गेले, कामगारांशी बोलले. कामगारांनीच खटके ओढले, म्हणाले रात्री जागून भरून काढू. मग शेड शांत झाली, कामगार अंगावरचा कापूस झटकत आले आणि त्यांना पुढं जागा करून देण्यात आली. खोलीतल्या मोठ्या माणसांनी उठून ती दिली. त्या दिवसातली मला सगळ्यात अभिमानाची वाटणारी गोष्ट हीच आहे.

विडीचं काम मात्र कुणी थांबवलं नाही. समोरच्या वाड्याच्या अंगणात आई आणि पाच-सहा बायका सुपं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पान भिजवलेलं, ते तसंच ठेवलं तर वाया जातं; हजाराचा हिशेब संध्याकाळपर्यंत झाला नाही तर ब्रँचमध्ये बोलणी आणि वर छाट, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या. त्यांना सामना मी पोचवायचे. तांब्या आत नेला की स्कोअर बाहेर न्यायचा, असं माझं चाललं होतं. आधी मराठीत सांगायचे, मग एक अव्वा होत्या त्यांच्यासाठी कन्नडमध्ये आकडा. बायका कात्री न थांबवता ऐकायच्या. पत्र्याचा साचा पानावर ठेवायचा, कात्री फिरवायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. कोण बॅटिंगला आहे यापेक्षा त्यांना एकच हवं असायचं. "गावसकर हाय न्हवं अजून?"

गावसकरनं एक चौकार मारला आणि लगेच डिफ्रेटसनं त्याचा त्रिफळा उडवला. चार धावा. मी उंबऱ्यावर होते. बॅट्समन नेहमीसारखा कुणाच्या तरी डोक्याआड होता, त्यामुळं मला आऊट झालेला दिसलाच नाही. खोलीतला आवाज एकदम बंद झाला, त्यावरून कळलं. ही बातमी घेऊन अंगणात जायचं माझ्या जिवावर आलं. गेले. सांगितलं. आईची कात्री थांबली. त्या दिवसात तेवढी एकदाच. मग ती म्हणाली, "नागपूरला ताप असून खेळला त्यो. त्याला काय म्हणू नका." आणि पुन्हा पान घेतलं. तो त्याचा शेवटचा आंतरराष्ट्रीय डाव होता. ज्या मुंबईत तो वाढला, तिथंच.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. वेंगसरकर आजारी म्हणून नव्हता, त्याच्या जागी चंद्रकांत पंडित खेळला आणि त्यानं २४ धावांत जीव ओतला. अझरुद्दीन ६४ पर्यंत एवढा शांत होता की मास्तर प्रत्येक फटक्याला नुसते "वाह" म्हणत होते. कपिलनं घाईनं ३० केल्या आणि हेमिंग्जला उचलून मारताना सीमारेषेवर गॅटिंगच्या हातात गेला. तरी आशा होती. ५ बाद २०४ होत्या. तिथून सगळे २१९ ला बाद. ३५ धावांनी हरलो.

उठताना कुणी कुणाकडं बघत नव्हतं. चपला शोधायला मात्र बराच वेळ लागला, ढिगातून दोन जोड शेवटपर्यंत जुळले नाहीत. अण्णांनी शटर ओढलं. मागं शेडमध्ये एकेक माग सुरू झाला. अक्कांनी खोली झाडली, मग शेवटच्या घागरीतलं उरलेलं पाणी शिंपडून फरशी पुसली. मी म्हटलं, "अक्का, प्यायला ठेवा की थोडं." त्या म्हणाल्या, "देवाला धुळीत बोलवू काय?" त्यांनी दुपारी, स्वयंपाकघरात बसून, गर्दीचा आवाज ऐकत ऐकत वातीचे ३६५ पदर मोजून ठेवले होते. मधे गलका झाला की मोजणी चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागायची. चंद्र उगवला तसा त्यांनी दिवा लावला. आईनं माझ्याकडून तांब्याभर पाणी पाठवलं होतं, ते त्या उभ्याउभ्याच प्यायल्या.

रविवारी फायनल होती, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड. आपण नाही म्हटल्यावर गल्लीतून कुणी फिरकलं नाही. अण्णा कामानं बाहेर गेले होते. मी सकाळी सहज डोकावले, तर शटर उघडं आणि अक्का खोलीच्या अगदी मधोमध, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून बसलेल्या. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्या खोलीत बसलेलं पाहिलं नव्हतं. "ये की, बस," म्हणाल्या. "आज जागा हाय."

मग दिवसभर त्यांनी मला प्रश्न विचारले. चेंडू पँटला का घासतात? एकाच बाजूनं का? मी सांगितलं, एक बाजू गुळगुळीत राहिली की हवेत वळतो. हे त्यांना लगेच पटलं. सुताला एका बाजूनं ताण जास्त बसला की कापड तिकडं ओढलं जातं, तसंच ना, म्हणाल्या. षटक सहाच चेंडूंचं का? वाइडला पंच हात असे का करतात? एलबीडब्ल्यू मी तांब्या आणि लाटणं मांडून समजावलं. डेव्हिड बून ७५ वर आऊट झाला तेव्हा त्यांना वाईट वाटलं, कारण सकाळपासून तोच ओळखीचा झाला होता. ऑस्ट्रेलियाच्या ५ बाद २५३ झाल्या. त्यांनी ऑस्ट्रेलियाचीच बाजू घेतली होती, आणि त्याचं कारण मला विचारावं लागलं नाही.

इंग्लंड छान चाललं होतं. गॅटिंग ४१ वर होता. अॅलन बॉर्डर स्वतः गोलंदाजीला आला आणि त्याच्या पहिल्याच चेंडूवर गॅटिंगनं उलटा स्वीप मारायला बॅट फिरवली. चेंडू उडाला, यष्टिरक्षकानं झेलला. अक्का ताठ उठून बसल्या.

"ह्यानंच कपिलचा कॅच घेतलावता न्हवं?"

"हो अक्का."

"आणि ह्यो असला फटका कशाला मारला? सरळ मारायला येत हुतं की त्याला. चांगलं चाललंवतं."

त्या गॅटिंगच्या त्या फटक्यावर पुढं जगभरातल्या समालोचकांनी कितीतरी लिहिलं. अक्कांनी ते तेव्हाच सांगून टाकलं होतं, पहिलाच सामना पाहताना. ऑस्ट्रेलिया ७ धावांनी जिंकलं. अक्कांनी टाळी वाजवली, मोठ्यानं, रिकाम्या खोलीत. मग माझ्याकडं वळून विचारलं, पुढचा सामना कधी आहे, आणि त्या दिवशी पाणी कुणी भरायचं ते गल्लीत आधी ठरवून घेऊ म्हणाल्या, कारण आता त्यांनाही बघायचं होतं.